धागा: पाळी बदलताना रोज खडाजंगी. सुपरवायझरला 'भावनिक बुद्धिमत्ता' शिकवायची म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

तिसरी_पाळी (मकरपुरा, वडोदरा)

राम राम मंडळी. प्रश्न मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) मशीन शॉपचा आहे. सीएनसी लेथवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) शाफ्ट होतात. तीन पाळ्या, एकेका पाळीत १४ माणसं: ६ गुजराती, ४ मराठी, ४ बिहार-ओडिशाकडचे. ऑपरेटरमधूनच सुपरवायझर झालेला माणूस, हाताने हुशार. पण दुपारी ३ ला पाळी बदलली की रोज तोच तमाशा: रिजेक्शन कुणाचं, ऑफसेट (मशीनमधली टूलची माप-दुरुस्ती) कुणी हलवला. हा गडी एक तर सगळ्यांदेखत झापतो, नाहीतर तोंड मिटून उभा राहतो. वरच्यांनी त्याला 'इमोशनल इंटेलिजन्स'च्या एक दिवसाच्या ट्रेनिंगला धाडलं. तिथून तो 'सगळ्यांशी प्रेमाने बोला' एवढंच घेऊन आला.

त्याला खरोखर काय शिकवावं? तत्त्वज्ञान नको, कृती सांगा.

सूरसागरकाठ

'प्रेमाने बोला' हे मूळ संकल्पनेत कुठेच नाही, ते आधी मिटवून टाकू. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना शोधनिबंधात मांडली आणि १९९७ मध्ये तिची चार अंगं आखून दिली. समोरच्याची आणि स्वतःची भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती कशातून उगवली आणि पुढे कुठे जाईल हे समजणं, आणि शेवटी ती हाताळणं. दरम्यान १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे हा शब्द घरोघरी पोचला, पण जाताना त्यात प्रेरणा, चिकाटी, आशावाद असं बरंच सामान भरलं गेलं. त्यामुळे ट्रेनरला काहीही विकता येतं.

मेयर, सॅलोवे आणि कारुसो यांची एक चाचणी आहे. ती क्षमतेची परीक्षा आहे. 'मी फार समजूतदार आहे' असं स्वतःच लिहून दिल्याने तिथे गुण पडत नाहीत.

एक दिवसाच्या ट्रेनिंगांची गोची अशी की ती थेट चौथ्या अंगावर उडी मारतात: दीर्घ श्वास घ्या, दहा अंक मोजा. समोरचा चिडलाय की घाबरलाय हे ओळखताच येत नसेल तर दहा काय, शंभर मोजा. तुमच्या माणसाला पहिलं आणि तिसरं अंग आधी शिकवा.

रावपुऱ्याचा_शंकेखोर

पगार वाढवा, पाळीला एक माणूस जास्त द्या, भांडणं आपसूक थांबतील. हे सगळं एचआरवाल्यांचं फॅड आहे. वातानुकूलित हॉलमध्ये बिस्किटं खाऊन कुणाचा स्वभाव बदललाय?

सूरसागरकाठ

अर्धं मान्य. जोसेफ आणि न्यूमन या संशोधकांनी २०१० मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. ज्या कामात दिवसभर भावना आवरून किंवा दाखवून वागावं लागतं, तिथे भावनिक बुद्धिमत्तेचा उपयोग दिसतो. ज्या कामात ती गरज कमी, तिथे तो दिसत नाही. म्हणजे लेथवर एकट्याने काम करणाऱ्याला हे ट्रेनिंग देणं पैसे वाया घालवणं. सुपरवायझरचं मात्र आठ तास तेच काम.

वाघोडिया_रोड

माणसांच्या स्वभावात शिरण्याआधी ३ वाजता मशीनवर काय घडतं ते बघा. धागाकर्त्याने सांगितलेलं भांडण बहुतेक टॉलरन्समधून, म्हणजे मापात चालणाऱ्या सुटीतून जन्मतं.

समजा शाफ्टचा व्यास २५.०० मिमी, सूट अधिक-उणे ०.०२. बाहेरून टर्निंग करताना इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) घासत जाते तसा व्यास वाढत जातो. जाणाऱ्या पाळीचा शेवटचा जॉब, म्हणजे शाफ्ट, २५.०१८ आला. माल ओके आहे, गो-नोगो गेज (माप सुटीत आहे की नाही एवढंच सांगणारं) पास आहे, जाणारा ऑपरेटर वहीत ओके लिहून हात धुवायला जातो. येणाऱ्याचे पुढचे थोडेच जॉब झाले की २५.०२१, रिजेक्ट. कागदावर दोष येणाऱ्याचा. त्याला वाटतं, मुद्दाम आमच्या गळ्यात मारलं. जाणारा म्हणतो, मी तर पास माल दिला. दोघंही खरं बोलतायत! इथे प्रेमाने बोलून काय होणार?

त्यासाठी असं करा:

१. दोन पाळ्या १० मिनिटं एकमेकांवर चढवा आणि त्या १० मिनिटांचे पैसे द्या. फुकट कुणी थांबत नाही, आणि थांबावंही का?

२. बोलणं मशीनपाशी, केबिनमध्ये नाही. आधी येणाऱ्याने शेवटचा जॉब स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मायक्रोमीटरने मोजायचा, आकडा लिहायचा. मग तोंड उघडायचं. हा क्रम उलटा झाला की आकड्याआधी आरोप येतो.

३. हस्तांतराची सूट कामाच्या सुटीपेक्षा कडक ठेवा: जॉब २४.९९ ते २५.०१ मध्येच सोपवायचा. त्याबाहेर असेल तर जाणाऱ्यानेच वेअर ऑफसेट सुधारायचा (वरच्या उदाहरणात उणे ०.०१८), पुढचा एक जॉब काढून मोजायचा, मग सही.

४. ऑफसेट वहीत चार रकाने: वेळ, टूल नंबर, किती हलवला, का.

दोघांच्या मायक्रोमीटरमध्येच फरक असेल तर वरचं सगळं पाण्यात. आठवड्यातून एकदा दोन्ही पाळ्यांनी एकाच मास्टरवर (प्रमाण मापाच्या तुकड्यावर) शून्य तपासा. अर्धी भांडणं ५ मायक्रॉनच्या (०.००५ मिमी) फरकावर होतात आणि लोक एकमेकांची जात-प्रांत काढतात.

तिसरी_पाळी

हे पटलं. पण इथे नेतृत्व कुठे आलं? ही तर सिस्टीम झाली.

वाघोडिया_रोड

येणाऱ्या पाळीच्या डोळ्यांत धास्ती आहे, माज नाही, हे ज्याने ओळखलं तोच ही सूट कडक करेल. दुसरा नोटीस लावेल: 'पाळी बदलताना भांडण केल्यास कारवाई होईल.'

दांडियाबाजारची_माई

बरोबर शब्द निघाला, धास्ती. आपल्या मराठीत भावनांसाठी इतके बारीक शब्द आहेत आणि ट्रेनिंगमध्ये मात्र 'अँगर, सॅड, हॅप्पी' असे तीन चेहरे फळ्यावर काढतात. भावनेला नेमकं नाव दिलं की ती थोडी निवते, हे लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं आहे: चेहऱ्यावरच्या भावाला शब्द दिल्यावर अमिग्डाला या मेंदूतल्या भावनांशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया उतरली. पण मला त्याहून मोठा फायदा वाटतो तो असा की नाव बदललं की उपाय बदलतो.

वैताग: तोच अडथळा पुन्हा पुन्हा आला. चकमध्ये चिप अडकते, गेज सापडत नाही, कुलंटला वास येतो. सांत्वन करू नका, अडथळा काढा. वैतागलेल्या माणसाला 'मी समजू शकतो' म्हटलं की तो अजून वैतागतो.

चीड: अन्याय झाला असं वाटतंय. इथे गोड बोलणं म्हणजे तेल ओतणं. नियम दुसऱ्यालाही तसाच लावला होता का, ते वही काढून दाखवा. लावला नसेल तर कबूल करा.

अपमान: हा लोकांसमोर होतो, म्हणून लोकांसमोरच फिटतो. सगळ्यांदेखत झापायचं आणि केबिनमध्ये बोलावून 'मनावर घेऊ नको' म्हणायचं, ही सुपरवायझर लोकांची सर्वात महागडी चूक. जिथे बोललात तिथेच, त्याच माणसांसमोर, एका वाक्यात: 'काल मी आवाज चढवला, ते चुकलं, मापाचा मुद्दा कायम आहे.' दुसरा भाग गाळू नका, नाहीतर माप ढिलं झालं असा अर्थ निघतो.

हिरमोड: ओव्हरटाइम, बढती, सुट्टी, काहीतरी मिळेल असं वाटलं होतं. 'बघू' म्हणू नका. तारीख द्या, किंवा स्पष्ट नाही म्हणा.

ओशाळणं: चूक त्याला कळली आहे, नजर खाली आहे, हात उगाच कापडाने पुसतोय. इथे भाषण दिलंत की ओशाळणं संपून चीड सुरू होते. लगेच काम द्या, तेही त्याच मशीनवर.

त्रागा: 'मी चाललो, हे घ्या तुमचं कार्ड.' कार्ड हातात घेऊ नका, आणि 'जा' तर मुळीच म्हणू नका. उद्या पाळी सुरू व्हायच्या १५ मिनिटं आधी भेट ठरवा. तोवर त्यावर चर्चा नाही.

गोत्री_गावठाण

माई, रुमाल टाकून ठेवतो. हा प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावावा असा आहे.

दांडियाबाजारची_माई

नका लावू. हे सुपरवायझरच्या डोक्यात असू दे. बोर्डावर लावलंत तर उद्या पोरं एकमेकांना 'काय रे, त्रागा करतोस काय' म्हणून चिडवतील.

सयाजीबाग_सकाळी

झापणं आणि गप्प बसणं, दोन्हीबद्दल थोडं.

गप्प बसणारा सुपरवायझर शांत असतो असा समज आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसतं की भावना चेहऱ्यावर दाबून ठेवली तर ती आत कमी होत नाही, शरीरावरचा ताण उलट वाढतो आणि त्या वेळी सांगितलेलं कमी लक्षात राहतं. २००३ च्या एका प्रयोगात तर समोर बसलेल्या माणसाचाही रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे दगडासारखं तोंड करून उभं राहिलात की ऑपरेटर तापतो आणि त्याने काय सांगितलं तेही तुम्ही विसरता. दाबण्यापेक्षा, राग पेटायच्या आधी परिस्थितीचा अर्थ बदलून बघणं स्वस्त पडतं. 'याने मुद्दाम केलं' याऐवजी 'याला २०० जॉबचा आकडा गाठायचा होता, म्हणून याने मोजणं टाळलं.'

आता शॉपफ्लोअरची एक गोष्ट, जी हॉलमधल्या ट्रेनरला ठाऊक नसते. ८५ डेसिबलच्या आवाजात हातभर अंतरावरच्या माणसाशीही आवाज चढवूनच बोलावं लागतं. चढवलेला आवाज ऐकणाऱ्याला रागच वाटतो, तो उलट चढवतो, आणि कुणी रागावलेलं नसताना भांडण उभं राहतं. म्हणून वाद दिसला की:

चालू सायकल पूर्ण होऊ द्या, मध्ये थांबवू नका. जॉब बिघडला तर नवं निमित्त.

दोघांना कॉम्प्रेसर आणि मशीनपासून लांब न्या. पाण्याच्या टाकीपाशी, स्टोअरच्या दारात, कुठेही चालेल.

समोरासमोर उभे करू नका. तिघं जॉबकडे तोंड करून बाजूबाजूला. जॉब हातात घ्या, बोटाने दाखवा, बोलणं जॉबबद्दल राहू द्या.

आधी ज्याचा आवाज कमी आहे त्याला बोलू द्या. तो एरवी कधी बोलणार?

आणि ५ मिनिटांत सुटलं नाही तर निर्णय द्या, कारण सांगा, मशीन चालू करा. सगळं ऐकून घेणं म्हणजे सगळं मान्य करणं नाही.

फतेगंज_बेन

वडोदऱ्यात या सगळ्याआधी भाषेचं बघा.

मराठी सुपरवायझर मराठी पोराला 'अरे' म्हणतो ते आपुलकीचं. तीच सवय हिंदीत गेली की 'तू इधर आ' होतं, आणि वयाने मोठ्या बिहारी माणसाला ते झोंबतं. गुजरातीत 'तमे' (तुम्ही) आणि नावापुढे 'भाई' लावला की निम्मं काम होतं. नियम सोपा ठेवा: पाळीवर सगळ्यांना एकच आदरार्थी रूप, तिन्ही भाषांत. वीस वर्षांच्या अॅप्रेंटिसलाही.

दुसरं, आणि हे जास्त नडतं: सगळ्यांसमोर मराठी माणसाशी मराठीत बोलणं. तुम्ही त्याला झापत असाल तरी बाकी १० जणांना वाटतं, आपल्याबद्दल काहीतरी चाललंय किंवा याला वाचवतायत. कामाचा आकडा, चूक, निर्णय हे सगळ्यांना कळेल अशा भाषेत. दुखलं-खुपलं, घरचं, कर्जाचं हे त्याच्या भाषेत, बाजूला.

आपल्याकडे सेव-उसळीची तरी वेगळी मिळते ना, तसं. आकडा ताटात वाढा, तिखट ज्याच्या त्याच्या वाटीत.

रावपुऱ्याचा_शंकेखोर

सेव-उसळ मध्ये आणलीत, आता धागा भरकटणार. पण भाषेचा मुद्दा मान्य. सुट्ट्यांचाही त्यात घाला. गणपतीत मराठी पोरं गायब, छठला बिहारची, १४-१५ जानेवारीला उत्तरायण म्हणून सगळं गाव गच्चीवर. मराठी सुपरवायझरने गणपतीची सुट्टी हसत दिली आणि छठला 'डिस्पॅच आहे' म्हटलं की वर्षभर कितीही प्रेमाने बोला, तुमचा हिशेब झालेला असतो.

फतेगंज_बेन

शंभर टक्के. त्यासाठी जून संपेपर्यंत वर्षाचा तक्ता भिंतीवर लावा. प्रत्येक सणाला पाळीत किमान किती माणसं लागतात तो आकडा आधी लिहा (१४ मध्ये ९, असं काही), मग उरलेल्या जागा लोकांनी आपसांत भरायच्या. चिठ्ठ्या टाकायच्या तर सगळ्यांसमोर.

नवरात्राचं वेगळं. नऊ रात्री गरबा उशिरापर्यंत, आणि सकाळी ७ च्या पाळीला डोळे तारवटलेले. त्या आठवड्यात चिडचिड वाढते ती झोपेने, स्वभावाने नाही. नवीन जॉबचं सेटिंग, क्रेनचं अवघड काम त्या नऊ दिवसांत सकाळच्या पहिल्या तासात ठेवू नका. ज्यांना गरब्याला जायचं नाही त्यांना सकाळची पाळी विचारून द्या, लादून नाही.

वाघोडिया_रोड

एक धोक्याची खूण नोंदवतो. सुपरवायझर 'सुधारला' आणि महिन्याभरात रिजेक्शन एकदम शून्यावर आलं, तर पेढे वाटू नका. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या नर्सिंग गटांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या नेतृत्वाच्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. चुका जास्त होत नव्हत्या, सांगण्याची भीती कमी होती. १९९६ मध्ये ते छापून आलं, आणि १९९९ मध्ये त्यांनी गटातल्या मानसिक सुरक्षिततेवरचा (बोलायला भीती न वाटण्यावरचा) निबंध लिहिला.

तुमच्याकडे तपासायची सोपी रीत: पाळीला किती बार किंवा ब्लँक (कच्चा माल) दिले, किती ओके जॉब आले, किती रिजेक्ट नोंदले. बेरीज जुळत नसेल तर उरलेला माल चिपच्या ड्रममध्ये तळाशी आहे. ड्रम उलटा करा, पण कुणाला पकडायला म्हणून करू नका. एकदा पकडलंत की पुढच्या वेळी तो माल कंपनीच्या कुंपणाबाहेर जाईल.

मोजायचंच असेल तर एकच आकडा मोजा: इन्स्पेक्टरला सापडण्याआधी ऑपरेटरने स्वतः येऊन सांगितलेल्या चुका, आठवड्याला किती. सुरुवातीला तो वाढला पाहिजे. आणि सांगायला आलेल्या माणसाला पहिलं वाक्य काय ऐकू येतं, यावर सगळं ठरतं. 'कुठल्या जॉबपासून?' हे चांगलं पहिलं वाक्य. 'लक्ष कुठे होतं?' हे शेवटचं ठरतं, पुन्हा कुणी येत नाही.

दांडियाबाजारची_माई

एक कुंपण आत्ताच घालून ठेवते. पाळीवर बायका असतील आणि तक्रार लैंगिक छळाची असेल, तर सुपरवायझरने 'समजूत काढणं' हा प्रकार करायचा नाही. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार, आणि समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच, तोही पैशांच्या बदल्यात नाही. दोघांना पाण्याच्या टाकीपाशी उभं करणं इथे गुन्ह्यावर पांघरूण घालणं होईल. सुपरवायझरचं काम एवढंच: ऐका, समितीकडे जायचा रस्ता दाखवा, आणि गप्पा होऊ देऊ नका.

तिसरी_पाळी

सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. एक, हा सुपरवायझर काल त्या ऑपरेटरांतलाच होता. चहाच्या टपरीवर अजून त्याच्या पाठीवर थाप मारतात. दोन, हस्तांतराची वही कुठल्या भाषेत?

सयाजीबाग_सकाळी

टपरी सोडायला सांगू नका. सोडली की 'साहेब झाला' म्हणतील. पण टपरीवर दोन विषय बंद: कुणाची पाळी बदलणार आणि कुणाचं ओव्हरटाइम कापलं. कुणी काढलाच तर 'शॉपमध्ये सांगतो', आणि त्याच दिवशी खरंच सांगायचं. जुन्या जिगरी दोस्ताची पहिली चूक येईल तेव्हा सगळी पाळी बघत असेल. इतरांना जे केलं तेच, तितकंच, तितक्याच आवाजात. त्याला जास्त कडक वागवून निःपक्षपणा दाखवायला जाऊ नका, तोही पक्षपातच दिसतो.

वाघोडिया_रोड

वहीत भाषा कमीत कमी ठेवा. आकडे सगळ्यांना येतात. 'का' च्या रकान्यात चार खुणा पुरतात: इन्सर्ट घासली, इन्सर्ट बदलली, मटेरियल कडक, मशीन गरम झालं. प्रत्येकाला एक अक्षर. वाक्य लिहायला लावलंत की ज्याचं लिहिणं कच्चं तो वहीच टाळतो, आणि तुम्हाला वाटतं त्याला जबाबदारी नको आहे.

रावपुऱ्याचा_शंकेखोर

बाकी सगळं ठीक, पण मकरपुऱ्यातून पाळीची बस किती वाजता सुटते?

तिसरी_पाळी

३ वाजून १० मिनिटांनी.

रावपुऱ्याचा_शंकेखोर

पाळी सुटते ३ ला, हस्तांतर १० मिनिटांचं, हात धुवायला ५, गेटवर झडती ५. तुमच्या ऑपरेटरने मोजणं टाळून ओके का लिहिलं, ते कळलं का? बस ३:२५ ला करा. त्या एक दिवसाच्या ट्रेनिंगच्या बिलात महिनाभर थांबेल ती.

तिसरी_पाळी

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ट्रान्सपोर्टवाल्याला उद्याच सकाळी फोन करतो. रात्रीच्या ११ ची बसही बघावी लागेल, ती तर ११:०५ ला निघते.